अक्षरजुळणी : नयन तोरस्कर

नयन तोरस्करचं नाव एकशे चौसष्ट पुस्तकांत छापलेलं आहे. आता कुणी विचारेल, मग हिला आणखी काय हवंय? तर ते नाव असतं आत, दुसऱ्या पानावर, अगदी तळाला, मुद्रकाच्या पत्त्याखाली. अक्षरजुळणी : नयन तोरस्कर, कोपरी, ठाणे पूर्व. ते पान कोणी वाचत नाही. लेखकाची बायकोसुद्धा वाचत नाही.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नयनला वाटलं, आपलं नाव एकदा तरी पुढच्या बाजूला यावं. नुसतं वाटलं म्हणणं खोटं आहे, ध्यास घेतला होता तिने. आपल्या जुळणीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने बारा कथा लिहिल्या होत्या. फाईलला नाव दिलं होतं ‘जुनी बिलं’, म्हणजे कुणी चुकूनही उघडायला नको. मार्च महिन्यात त्या कथा छापून, भोकं पाडून, दोरा घालून तिने साईनाथच्या हातात दिल्या. साईनाथ म्हणजे प्रकाशक, माजिवड्याला हायवेला लागून तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. त्याची निम्मी पुस्तकं नयनच जुळवते, त्यामुळे परका नव्हे. “वाचून सांगतो हं, नयनताई,” म्हणाला आणि पाच महिने गप्प. त्या पाच महिन्यांत तिने त्याची सहा पुस्तकं जुळवून दिली. फोनवर रोजचं बोलणं, पण स्वतःचं विचारायला तिची जीभ काही उचलली नाही. आपण विचारलं की तो नाही म्हणेल, अशी तिला धास्ती.

ऑगस्टमध्ये त्याचाच फोन आला, येऊन जा म्हणून. नयन इस्त्रीची साडी नेसून गेली. एरवी त्याच्याकडे जाताना ती असल्या भानगडीत पडत नाही.

“नयनताई, भाषा काय सुंदर आहे हो तुमची!” साईनाथने सुरुवात केली. “खरंच सांगतो. मी स्वतः तीन कथा वाचल्या.”

बारांतल्या तीन. बरं.

“पण आमच्या परीक्षकांचं म्हणणं जरा वेगळं आहे. तुम्हीच बघा, मला काही लपवायचं नाही.” त्याने एक कागद पुढे सरकवला. त्यावर तीन ओळी होत्या. लेखिकेवर परशुराम केणी यांच्या शैलीचा दाट प्रभाव आहे. कथेचा शेवट करण्याची पद्धत तर थेट केणींची. स्वतःचा सूर सापडल्यावर पुन्हा विचार करावा.

नयनने तो कागद दोनदा वाचला. तिला चक्क हसू आलं. ते तिने दाबलं.

“वाईट वाटून घेऊ नका,” साईनाथ म्हणाला. “चौदा वर्षं तुम्ही केणी सरांची पुस्तकं टाइप करताय. ते हातात उतरणारच हो. तुमचा दोष नाही त्यात.”

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही. पण साईनाथ तोवर खाली वाकून कपाटातून दुसरी एक जाडजूड फाईल काढत होता. कुणा बाईंच्या तीनशे पाककृती होत्या, दिवाळीआधी जुळवून हव्या होत्या. नयनने त्या घेतल्या. एका पिशवीत आपल्या बारा कथा आणि कुणाच्यातरी तीनशे पाककृती घालून ती खाली उतरली, आणि रिक्षासाठी अर्धा तास हायवेवरच्या चौकातल्या चिखलात उभी राहिली.

आता खरं काय ते सांगायला हवं. परीक्षकाने ज्याला केणींची शैली म्हटलं, ती नयनचीच होती.

परशुराम केणी हे कोपरी गावठाणातले. पालिकेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेलं, पुढे जमिनींना भाव आले, टॉवर उभे राहिले, आणि सर सातव्या मजल्यावर राहायला गेले. निवृत्त झाल्यावर ते लिहायला लागले. मिठागरावरच्या माणसांच्या गोष्टी. लांब वह्यांत, दोन्ही बाजूंनी, निळ्या शाईने. माणूस लाख. नयनचा नवरा गेला तेव्हा तिचं हे दुकान बंद पडायला आलं होतं. तेव्हा आपली पहिली वही घेऊन हेच आले होते. “काय गो नयनबाय, माझा पुस्तक करशील का?” म्हणाले होते. ते उपकार नयन विसरलेली नाही.

त्या पहिल्याच वहीत एक पान कमी निघालं. सर लिहिताना नंबर चुकले असतील, फाटून गेलं असेल, देव जाणे. सर त्या वेळी एकवीरेच्या पालखीला गेलेले, फोन बंद, आणि छापखान्याला फाईल दुसऱ्या दिवशी सकाळी हवी. मग नयनने ते पान स्वतःच लिहिलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं आणि मधलं लिहून टाकलं. तासाभराचं काम. सर परत आल्यावर तिने त्यांच्यापुढे प्रूफ ठेवलं. त्यांनी सगळी पानं उलटली, प्रत्येकावर ‘ठीक’ असं लिहून सही केली, चहा प्यायले आणि गेले. चकार शब्द नाही.

नयनला वाटलं, यांना कळलंय. कळून गप्प बसलेत. म्हणजे यांची हरकत नाही.

पुढच्या पुस्तकात तिने दोन-चार ठिकाणी कात्री लावली. सर ठीक म्हणाले. त्याच्या पुढच्यात तिने शेवट बदलले. सरांची खोड अशी की गोष्ट छान रंगात आलेली असायची आणि शेवटी त्यांच्यातला मुख्याध्यापक उठून उभा राहायचा. तरुणांनो, व्यसनं सोडा. शासनाने लक्ष घालावं. नयन ती तीन-चार पानं उडवायची आणि त्या जागी आपल्या पाच-सहा ओळी ठेवायची. सर ठीक म्हणायचे. मग पुरस्कार आले. पेपरात लेख आले, केणींच्या शेवटांवर कुणी प्राध्यापकाने निबंध वाचला. सर कधी बोलले नाहीत, नयनही कधी बोलली नाही. जुन्या नवराबायकोत असतात ना काही गोष्टी न बोलता ठरलेल्या, तसं तिला हे ठरलेलं वाटायचं.

लिहायला शिकली कुठे म्हणाल, तर तिथेच, की-बोर्डवर. कुठल्या कार्यशाळेला गेली नाही की शिबिराला. शंभर वाईट पुस्तकं माणसाने अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघावीत, मग कळतं कुठे काय बिघडतं. नुसतं वाचणारा कंटाळला की पान उलटतो. जुळणी करणाऱ्याला ती सोय नाही. जिथे आपली बोटं जड होतात, तिथे वाचणारा झोपणार, हे तिला पक्कं कळलं होतं. सरांच्या वहीत बोटं जड झाली की ती थांबायची, खिडकीतून बाहेर बघायची आणि ते वाक्य नव्याने लिहायची. असं करता करता चौदा वर्षांत ती लेखिका झाली, आणि ते कुणालाच कळलं नाही. हे असलं लेखिका होणं काय कामाचं, सांगा!

साईनाथला ती बोलली का नाही? अहो, बोलून काय होणार होतं? एक म्हणजे पुरावा नाही, वह्या सर परत नेतात. आणि दुसरं म्हणजे या धंद्यात एकच नियम आहे, लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही. तो तिने मोडलेला. हे बाहेर फुटलं तर उद्या कोण तिच्याकडे वही देईल?

“आई, तू वेडी आहेस का?” घरी आल्यावर रुचिता म्हणाली. रुचिता तिची मुलगी, एका बँकेच्या कॉल सेंटरला आहे, दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन घरी भांडायला मोकळी. “तुझंच लिहिलेलं, आणि तुलाच कॉपी म्हणतात? हद्द आहे यार. सरांना सांग ना सरळ. त्यांना माहितीये ना?”

“माहितीये.”

“मग ते बोलतील ना साईनाथला.”

“एवढी वर्षं नाही बोलले, आता काय बोलतील?”

“मग तू बोल!”

नयनने कुकर लावला. बोलायचं तर खरंच होतं. पण चौदा वर्षं न बोललेलं बोलायला सुरुवात कुठून करायची, हे काही तिला सुचेना.

सुरुवात आपोआप समोर आली. गणपती झाले आणि केणी सर नवी वही घेऊन दुकानात हजर झाले. वय एक्क्याऐंशी. दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. स्टुलावर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

“ही शेवटची गो बाय. आता हात चालत नाय.”

कादंबरी होती. हौसाबाईची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मावशीची. आठव्या वर्षापासून मिठागरात पाय घातलेली बाई, म्हातारपणी लेकाच्या टॉवरमध्ये राहायला जाते, अशी गोष्ट. नयनने वही चाळली. शेवटी साडेचार पानांचा उपदेश होताच. विकास म्हणजे काय? तरुण पिढीने विचार करावा.

त्या दिवशी नयनने ठरवलं, या वेळी हात लावायचा नाही. जसं आहे तसं जुळवायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सर प्रूफ वाचतील, त्यांच्या लक्षात येईल, आणि ते विचारतील, बाय, हे काय? या खेपेला असं का केलंस? मग तो विषय त्यांच्याच तोंडून निघेल. मग ती सांगेल बारा कथांचं. सर साईनाथला एक फोन करतील. एवढंच तर हवं होतं. त्यांचा पुरस्कार नको, त्यांचं नाव नको. फक्त एवढं म्हणावं, हिची शैली हिचीच आहे.

पंचवीस दिवस नयन ती वही जुळवत होती. बोटं जड व्हायची, ती तशीच रेटायची. एकाच पानावर तोच प्रसंग दोनदा आलेला, दोनदा जुळवला. हौसाबाई मध्येच कुठेतरी हरवून जायची आणि सरच बोलत राहायचे, तेही जुळवलं. इतकं कंटाळवाणं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. उपदेशाची साडेचार पानं झाली तेव्हा तिचं डोकं ठणकत होतं.

प्रूफ नेल्यावर आठव्या दिवशी सर आले. नयनने हातातलं काम बाजूला सारलं, खुर्ची वळवून घेतली.

“फसकलास झालाय,” सर म्हणाले. “एक चूक नाय. नेहमीसारखा.”

प्रत्येक पानावर ‘ठीक’ आणि खाली सही.

“सर,” नयन म्हणाली, “शेवट बघितलात?”

“बघितला की.”

“बरोबर वाटला? आधीच्या पुस्तकांसारखा?”

सर हसले. जरा ओशाळल्यासारखे हसले. “खरा सांगू का तुला? मी वाचत नाय गो. प्रूफमध्ये नुसती नावा बघतो. आडनाव चुकला, कोणाची सोयरीक चुकली, की गावात भांडणा होतात. तेवढा बघतो आनी सही करतो. छापलेला तर मी आजवर उघडला पन नाय. माझी पुस्तका मी नाय वाचली कधी.”

“एकही?”

“लाज वाटते गो. मास्तर माणूस मी, स्वतःचा लिहिलेला समोर आला की वाटतं चुका काढत बसू. त्यापेक्षा नकोच. लोक शेवटाचा काय काय बोलतात ना? मना वाटतं, कौतुकाला कायतरी बोलायचा म्हणून बोलतात.”

ते चहा प्यायले आणि गेले. नयन त्या गठ्ठ्याकडे बघत बसून राहिली. ज्या माणसाने गुपचूप कबूल केलंय असं धरून ती चौदा वर्षं चालली होती, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने केलेलं कुणी मान्यही केलं नव्हतं की अमान्यही. कुणी बघितलंच नव्हतं. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण तोही धड येईना. एवढी दमली होती ती.

फाईल साईनाथकडे गेली. चार दिवसांनी त्याचा फोन.

“नयनताई, सरांचं काही खरं नाही हो. वय झालं. वाचवत नाहीये अक्षरशः.” मग जरा थांबून म्हणाला, “मी काय म्हणतो, तुमच्या त्या कथा आहेत ना अजून? त्या पाठवा परत. एका पठडीची दोन पुस्तकं एका वर्षात मी काढू शकत नाही. तर सरांचं हे थांबवू, आणि तुमचं घेऊ. केणींच्या पठडीतली नवी लेखिका, असं काहीतरी टाकू मागच्या पानावर. प्रस्तावना सरांचीच घेऊ. डिसेंबरात काढू या, बोला!”

नयन म्हणाली, “सांगते.”

रुचिता तर नाचायचीच बाकी होती. “आई, हो म्हण! काय विचार करतेस? पठडी-बिठडी मरू दे, नाव तर येईल ना वर!”

नाव येणार होतं हे खरंच. पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. नयनने दोन दिवस ते डोळ्यांपुढे आणून बघितलं. दरवेळी मागच्या पानावर ते पठडीचं वाक्य यायचं आणि त्याच्याही मागे सर दिसायचे, स्टुलावर बसून पाणी मागणारे. पुस्तक थांबलं असं साईनाथ त्यांना सांगणार. ते म्हणणार, का रे? आणि तो म्हणणार, सर, वय झालं. एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांना हे ऐकावं लागणार, ते नयनने मुद्दाम वाक्य न्‌ वाक्य तसंच ठेवलं म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने केणींची फाईल उघडली.

कुणी म्हणेल त्याग केला. कसला आलाय त्याग! त्यागबिग करायला अंगात जोर लागतो. नयनला एवढंच दिसत होतं की या सगळ्या काळात तिचं जे काही छापून आलं, ते केणी या नावाखाली आलं. ते नाव आज पडलं तर तीच पडणार होती. उद्या हे भिकार पुस्तक बघून लोक आधीच्या पुस्तकांवरही शंका घेणार. आणि दुसऱ्याला पाडून त्याच्याच पठडीतली म्हणून उभं राहायचं, हे तिच्याने होईना. आणि आणखी एक, लाजत का होईना पण सांगायला हवं. त्या वहीतली हौसाबाई तिला सोडवत नव्हती. बाई चांगली होती, सरांना तिचं काय करायचं ते कळलं नव्हतं.

अठरा दुपारी लागल्या. पाककृतीवाल्या बाईंचं पुस्तक लांबलं, त्या चिडल्या. नयनने दोनदा आलेले प्रसंग काढले, सरांना गप्प केलं, हौसाबाईला बोलू दिलं. शेवटची साडेचार पानं पुसून तिने त्या जागी नऊ ओळी लिहिल्या. मग साईनाथला फोन करून सांगितलं, चुकून जुनी फाईल आली होती तुमच्याकडे, ही घ्या बरोबरची.

दुसऱ्याच दिवशी तो फोनवर ओरडत होता. “अहो काय पुस्तक आहे! म्हातारा काय शेवट करतो राव! आणि मी यांचं थांबवायला निघालेलो! नयनताई, तुमचं मग पुढे बघू हं. समजून घ्या.”

“हो,” नयन म्हणाली.

रुचिता आईशी आठवडाभर बोलली नाही.

प्रकाशन डोंबिवलीला ठेवलं होतं, एका वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. डोंबिवलीत पुस्तकाला माणसं येतात, असं साईनाथचं गणित. आणि आली. खुर्च्या भरून मागे भिंतीला टेकून उभी होती. सरांचं अख्खं गावठाण टेम्पो करून आलं होतं. बायकांनी गजरे माळलेले. नयन तिसऱ्या रांगेत भिंतीच्या कडेला बसली. यायचं नव्हतं तिला, पण सरांनी स्वतः येऊन सांगितलं होतं, मग काय करणार.

अभिवाचनाला नाटकातली एक मुलगी, करिश्मा, येणार होती. तिचा घसा बसला म्हणून ऐनवेळी निरोप आला. साईनाथने काय करावं? माइक उचलला आणि म्हणाला, “आज एक वेगळा योग आहे मंडळी. कादंबरीचं शेवटचं पान खुद्द सर वाचतील!”

सर नको नको म्हणत होते. टाळ्यांनी ऐकू आलं नाही. कुणीतरी पान उघडून दिलं, कुणी चष्मा दिला, कुणी माइक खाली केला. नयनला उठून पळावंसं वाटलं, पण वाटेत गावठाणातल्या सहा बायका पाय पसरून बसल्या होत्या.

सर वाचायला लागले. आधी मास्तरांसारखं, खणखणीत.

“डॉक्टरने मीठ बंद केलं होतं. सून बिनमिठाची पेज वाटीत घालून द्यायची आणि संपेपर्यंत समोर उभी राहायची. हौसाबाई काही बोलायची नाही.”

इथे ते थांबले. पुस्तक जरा लांब धरून त्यांनी मुखपृष्ठ बघितलं, आपलंच आहे ना याची खात्री केल्यासारखं. मग पुन्हा वाचायला लागले. आवाज उतरला होता.

“त्या दिवशी फोन वाजला आणि सून आत गेली. अकराव्या मजल्याच्या खिडकीत ऊन आलं होतं. हौसाबाईला घाम सुटला होता. तिने इकडे तिकडे बघितलं आणि आपलं मनगट हळूच जिभेला लावलं. होतं. अजून होतं.”

गावठाणातली एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. सर पुस्तकाकडे बघत उभे होते. मग त्यांनी मान वर केली आणि तिसऱ्या रांगेत नयनला शोधून काढलं. तिच्याकडे बघतच त्यांनी माइक जवळ घेतला.

“ह्या मी लिहिलेला नाय,” ते म्हणाले.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“खरा सांगतो. ह्या माझा नाय. ती बसलीय ना तिथे, आमची नयनबाय, टाइप करते ती. तिना लिहिलाय.”

आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! लोक उठून उभे राहिले. साईनाथ धावत माइककडे आला, त्याचे डोळे भरून आले होते. “मंडळी, याला म्हणतात मोठेपण! आपल्या टायपिस्टला लिखाणाचं श्रेय देणारा लेखक आज कुठे बघायला मिळतो?” सर म्हणत होते, अरे ऐक, मी खराच सांगतो, आणि ते जितकं म्हणत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. कुणीतरी नयनला हाताला धरून व्यासपीठावर नेलं. प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एक जास्तीची होती, ती तिच्या खांद्यावर घातली. नारळ दिला. फोटो झाला.

खाली उतरल्यावर सरांनी तिला कोपऱ्यात घेतलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“शेवट सगळे.”

“आनी मधला?”

“मधलंही. बरंचसं.” नयन म्हणाली. “सर, मला वाटायचं तुम्हाला माहितीये.”

सरांनी हात खिशात घातला. “मग माझा काय गो त्यात?”

“माणसं तुमची ना सर. हौसामावशी तुमची. मिठागर तुमचं.”

“ती तर होतीच गो,” सर म्हणाले. “मी नसतो तरी होती.”

तेवढ्यात पुस्तक घेतलेली माणसं सह्यांसाठी येऊन पोचली. साईनाथने टेबल लावलं, खुर्ची ओढली, सरांना बसवलं. सगळ्यांत पुढे एक बाई होत्या, शेवट ऐकून रडलेल्या, नाक लाल झालेलं.

“सही हिची घ्या,” सर म्हणाले आणि त्यांनी पेन नयनपुढे धरलं.

“काय सर तुम्ही पण!” बाई हसल्या. त्यांनी पुस्तक सरांच्याच पुढे सरकवलं. “चेष्टा पुरे. शुभेच्छांसह लिहा हं, वासंतीसाठी.”

मागे रांग दरवाजापर्यंत गेली होती. सरांनी पहिलं पान उघडलं, पेन टेकवलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी मान वर करून नयनकडे बघितलं. खांद्यावरची शाल सावरत ती शेजारी उभी होती.

“करा, सर,” ती म्हणाली.

त्यांनी सही केली. पुढचं पुस्तक आलं. पुन्हा हात थांबला, पुन्हा त्यांनी वर बघितलं. तसं प्रत्येक पुस्तकाला झालं, आणि प्रत्येक पुस्तकाला नयन म्हणत राहिली, करा, सर.